दोष पॅकिंगचा नव्हताच

डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत तमिळ मुलखात मार्गळी महिना असतो. या दिवसांत दारापुढची रांगोळी कशी असावी, याबद्दल माझ्या मावशीची मते फार ठाम आहेत. पहाटे पाचला उठून ती सडा घालते, ठिपके मांडते आणि तासभर वाकून रांगोळी काढते. नऊच्या सुमारास काका आपली अँबॅसॅडर शेडमधून काढून दारात आणतात आणि बरोबर मधल्या कमळावर एक काळा थेंब पडतो. गेल्या मार्गळीत मी तिच्याकडे राहायला गेले होते. पहिले चार दिवस हा कार्यक्रम एकदाही चुकला नाही.

मावशीचे सासर तंजावरचे मराठी. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७०च्या दशकात तंजावर घेतले. ते राज्य १८५५ साली संपले, पण त्या काळात तिकडे गेलेली घराणी तेथेच राहिली. बृहदीश्वराच्या देवळात सरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांचा इतिहास भिंतीवर मराठीत कोरवून घेतला आहे. आमच्याकडचा कोणीही पाहुणा गेला, की काका त्याला गाडीत घालून तो दाखवायला नेतात. त्यांचे गाव कुडमुरुट्टी आणि कावेरी या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. तंजावरला जायचे म्हणजे कुडमुरुट्टी, वेट्टारू, वेण्णारू आणि वडवारू असे चार पूल ओलांडायचे. दोन्ही बाजूंना भातशेती. गाडी १९८६ची, मार्क ४, तेव्हापासून याच घरात आहे.

थेंबाची मावशी चेष्टा करी, पण काका हसत नसत. त्याचे कारण मला तिसऱ्या दिवशी कळले. काही महिन्यांपूर्वी रात्री शेजारच्या घरातल्या सुनेच्या पोटात दुखू लागले. दिवस भरत आलेले, भाड्याची गाडी मिळेना, म्हणून काकांनी आपली गाडी काढली. वेण्णारूच्या पुलाजवळ ऑइल प्रेशरचा लाल दिवा लुकलुकू लागला. काकांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले, डिकीतल्या डब्यातले तेल अंधारात ओतले आणि मग पुढे निघाले. मुलगी सुखरूप बाळंत झाली. पण मागच्या सीटवर ती कण्हत असताना आपण फनेल शोधत होतो, हे काकांच्या मनातून जाईना. त्या रात्रीपासून त्यांनी अंधार पडल्यावर गाडी काढली नव्हती.

चेन्नईचा मावसभाऊ तर गाडी विकाच म्हणतो. त्याचेही अगदी चूक नाही. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क २०२२ साली सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना ते २०२५ साली आणखी वाढले. उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ सालीच बंद पडला. “संक्रांतीपर्यंत गळती थांबली नाही, तर मी गिऱ्हाईक आणतो,” असे त्याने फोनवर सांगितले होते.

वाचकहो, इंजिनाच्या तोंडाशी, फॅनच्या मागे, पत्र्याचे एक झाकण असते. त्याच्या आत क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी असते, ती टायमिंग चेन. हे झाकण म्हणजे टायमिंग कव्हर. साखळीला सतत तेल लागते आणि ते बाहेर येऊ नये म्हणून कव्हर आणि इंजिन यांच्यामध्ये जाड कागदाचे गास्केट असते. आपले मेकॅनिक त्याला सरळ पॅकिंग म्हणतात. काकांच्या गाडीचे हे पॅकिंग तीन वर्षांत दोनदा बदलून झाले होते. दोन्ही वेळा महिनाभर कोरडे, की पुन्हा थेंब. या वेळी काकांनी तिरुवैयारूच्या एका वृद्ध मेस्त्रींना बोलावले. ते आता गॅरेजमध्ये जात नाहीत, पण या जातीच्या इंजिनासाठी येतात. त्यांना मराठी येत नाही, मला तमिळ येत नाही. काका दुभाषे.

मेस्त्रींनी पाना हातात घेतलाच नाही. आधी त्यांनी रॉकेल आणि ब्रशने इंजिनाचे तोंड धुऊन काढले. तेलात भाताचा कोंडा आणि पेंढ्याचे तुकडे इतके चिकटले होते, की खालचा पत्रा दिसत नव्हता. सुगीत इकडे सडकेवरच भात पसरतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली मळणी होते. त्यातून गेलेल्या प्रत्येक गाडीच्या पोटाला ही पेंड चिकटते. सगळे वाळल्यावर मेस्त्रींनी पांढरी भुकटी मागितली. मावशीने उत्साहाने रांगोळीचा डबा पुढे केला. त्यांनी हात जोडून तो परत केला. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, ती सीलमध्ये गेली तर संपलेच. मग माझ्या टाल्कम पावडरीचा डबा कामी आला. कव्हरभोवती पावडर भुरभुरवून त्यांनी इंजिन दहा मिनिटे चालू ठेवले आणि टॉर्च माझ्या हाती दिला. पॅकिंगच्या कडेची पावडर पांढरीशुभ्र होती. ओली रेघ होती ती पुलीच्या मागे, कव्हरच्या मध्यावर, जेथून क्रँकचे टोक बाहेर येते तेथे. म्हणजे दोष पॅकिंगचा नव्हता, त्या भोकातल्या ऑइल सीलचा होता. गळती वरून खाली ओघळते आणि फॅनचा वारा तिला सगळीकडे उडवतो, म्हणून नुसते पाहून जागा ठरवू नये.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली. इंजिन चालू असतानाच तेल भरायचे वरचे झाकण काढून तळहात तोंडाशी धरला. आतून फुंकर मारल्यासारखी हवा येत होती. पिस्टनच्या कडेने थोडीशी हवा नेहमीच खाली झिरपते, तिला बाहेर जायला ब्रीदरची नळी असते. काकांच्या गाडीत या नळीचे तोंड खाली रस्त्याकडे आहे. त्यात पेंढा आणि जळके तेल यांचा बुचासारखा गोळा बसला होता. वरच्या झाकणातली जाळीही काळी आणि चिकट. हवेला वाट नाही, मग ती तेलाला ढकलत सर्वांत दुबळ्या सांध्यातून बाहेर काढणार. आधीच्या दोन्ही मेकॅनिकांनी पॅकिंग बदलले, पण या नळीत तार घालून पाहायचे कोणाला सुचले नव्हते. रिंगा झिजलेल्या असत्या तर नळी साफ करूनही भागले नसते. येथे नळी मोकळी केल्यावर फुंकर मंदावली, तेव्हा मेस्त्री प्रथमच हसले.

तरीही सील बदलायचे तर कव्हर उतरवावेच लागते. दुसऱ्या दिवशी बॅटरीची वायर, पाणी, रेडिएटर, पट्टा असे एकेक निघाले. पुलीच्या नटाने दीड तास घेतला. त्याच्या लॉक वॉशरची कान मुडपलेली पट्टी आधी सरळ करावी लागते. पुली निघेना, तशी काकांनी हातोडी आणली. मेस्त्रींनी ती हातातून काढून घेतली आणि पुलरने पुली सावकाश ओढली. ठोकून पुलीची कड वाकली, की पट्टा जन्मभर वळवळत राहतो. कव्हरचे बोल्ट दोन मापांचे असतात. मेस्त्रींनी जुन्या कॅलेंडरच्या मागे कव्हरची आकृती काढून ज्या त्या जागी बोल्ट टोचून ठेवले. (हा उपाय मी शिलाईच्या मशीनसाठी घरी वापरून पाहिला आहे. उत्तम चालतो.)

पॅकिंग विकत आणलेच नाही. जाड गास्केट पेपरवर कव्हरची तेल लावलेली कड दाबून छाप घेतला आणि कात्रीने कापले. कागदाची किंमत दोन फिल्टर कॉफींएवढी. पत्र्याची कड मात्र बोल्टच्या भोकांभोवती फुगलेली होती, कारण गळती थांबावी म्हणून आधी कोणीतरी बोल्ट बेदम आवळले होते. ती सपाट लोखंडावर हलक्या हातोडीने ठोकून सरळ करण्यात दुपार गेली. नवे सील लाकडी ठोकळ्याने सारखे दाबून बसवले. पुलीच्या मानेवर जुन्या सीलने पाडलेली बारीक चर पॉलिश पेपरने घासली. ती नखाला लागण्याइतकी खोल असती, तर पुली बदलावी लागली असती. आतली तेल उडवणारी चकती ज्या तोंडाने निघाली त्याच तोंडाने परत गेली.

आणि मग ती युक्ती, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. कव्हर लावून त्यांनी बोल्ट हातानेच, सैल ठेवले. पुलीच्या मानेला तेल लावून ती सीलमधून आत सरकवली आणि दोन वेळा फिरवली. पुलीने कव्हरला बरोबर मध्यावर आणले. त्यानंतरच बोल्ट समोरासमोरचे एकेक, थोडेथोडे आवळले. आधी बोल्ट घट्ट करून मागाहून पुली घातली, तर सील एका बाजूला दाबले जाते आणि महिन्याभरात तिकडून पाझरू लागते. काकांनी हे भाषांतर करून सांगितले आणि स्वतःच गप्प झाले. त्यांच्यासमोर दोनदा तसेच झाले होते. ट्यूबमधला लाल चिकट लेपही मेस्त्रींनी लावू दिला नाही. जास्त झालेला लेप आत सुटून तेलाच्या जाळीत अडकतो, म्हणाले.

संध्याकाळी सगळे जोडून इंजिन सुरू केले. रात्रभर गाडीखाली कोरे वर्तमानपत्र पसरले. पहाटे मावशी सडा घालायच्या आधी टॉर्च घेऊन शेडमध्ये गेली आणि तेथूनच तिने हाक मारली. पुढच्या चाकांच्या मध्ये कागद कोरा होता. मागे, गिअरबॉक्सच्या खाली, रुपयाएवढा एक डाग होता.

काकांनी मेस्त्रींना फोन लावला. त्यांनी वास घ्यायला सांगितले. काकांनी कागद नाकाशी नेला आणि तोंड वाकडे केले. उग्र, गंधकासारखा. गिअर ऑइल. त्या थेंबाने गाडी अडत नाही, पोंगल होऊ द्या, मग येतो, असे उत्तर मिळाले.

त्या रात्री जेवणानंतर आम्ही तिघे तिरुवैयारूपर्यंत गाडीतून जाऊन आलो. येताना काका पुलावर थांबले, बॉनेट उघडून तेलाची पट्टी काढली, पुसली, पुन्हा बुडवून टॉर्चखाली धरली आणि काही न बोलता परत ठेवली.