जुना ट्रक ‘नवा’ करताना त्याचा इतिहास पुसू नका

१/
इतिहासाची साधने म्हटली की डोळ्यांसमोर ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि मोडी रुमाल येतात. आजच्या धाग्यातील साधन निराळे आहे : घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा असलेला जुना पिकअप ट्रक. असा ट्रक घरच्या घरी, अगदी चौकटीपासून पुन्हा उभा करण्याचा छंद अनेक देशांत रुजला आहे. त्याविषयी थोडी माहिती आणि एक मत मांडते. मत आधीच सांगते : ट्रक कारखान्यातून बाहेर पडला त्या दिवसासारखा करणे, एवढेच ध्येय ठेवले तर आपण वाहन वाचवतो, पण त्याचा इतिहास गमावतो.

२/
प्रथम पिकअपचा जन्म. १९१७ साली फोर्ड कंपनीने ‘मॉडेल टीटी’ ही एक टन भाराची चेसिस विक्रीस आणली. तिच्यावर हौदा कसा बांधायचा, हे ग्राहक आपापल्या गरजेनुसार ठरवीत. साध्या मॉडेल टी मोटारीच्या मागे लाकडी पेटी बसवून घेणारे शेतकरीही होते. या रीतीवर कारखान्याचे शिक्कामोर्तब झाले ते १५ एप्रिल १९२५ रोजी. त्या दिवशी फोर्डने मॉडेल टीची तयार हौदा असलेली आवृत्ती जाहीर केली. किंमत २८१ डॉलर. मागे उघडणारा फाळका आणि ओझे पेलतील असे भक्कम पाटे. थोडक्यात, वापरणाऱ्यांनी केलेला फेरफार आधी आणि कारखान्याचा पिकअप नंतर. हा क्रम ध्यानात ठेवा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

३/
‘चौकटीपासून पुनर्बांधणी’ म्हणजे काय? आधी हौदा उतरवायचा. मग बॉनेट, मडगार्ड, रेडिएटर. त्यानंतर केबिन. पुढे इंजिन, गिअरबॉक्स, आस आणि पाटे. शेवटी जमिनीवर उरते ती उघडी चेसिस : दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, शिडीसारख्या, रिव्हेटांनी ठोकलेल्या. दोन्ही कर्ण मोजून ते समान भरले, तर चौकट काटकोनात आहे. न भरले, तर कधीतरी ती अपघातात वाकली आहे किंवा ओझ्याने पिळवटली आहे. म्हणजे साध्या मोजपट्टीनेही इतिहासाचे पहिले वाक्य वाचता येते.

४/
उदाहरणासाठी एक प्रसिद्ध अमेरिकन ट्रक घेऊ. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४२ च्या आरंभी अमेरिकेत नागरी वाहनांचे उत्पादन थांबले. युद्ध संपले तेव्हा शेतकऱ्यांकडचे ट्रक थकलेले होते आणि नव्यांना मोठी मागणी होती. या मागणीच्या काळात, १९४७ च्या उन्हाळ्यात, शेव्हर्लेने ‘ॲडव्हान्स डिझाइन’ ही नवी मालिका आणली. तिच्यातील अर्धा टनी ‘३१००’ हा घरगुती पुनर्बांधणी करणाऱ्यांचा आजही लाडका ट्रक आहे : ११६ इंचांचा चाकतळ, सहा सिलिंडरांचे २१६ घन इंचांचे इंजिन आणि सुमारे ९० अश्वशक्ती.

५/
या ट्रकला तारखा सांगता येतात. शेव्हर्लेच्या ओतीव भागांवर ओतकामाची तारीख उठवलेली असे. इंग्रजी मुळाक्षर महिन्याचे (‘ए’ म्हणजे जानेवारी, ‘बी’ म्हणजे फेब्रुवारी), पुढे दिवस आणि वर्षाचा शेवटचा अंक. बाह्यरूपही बोलते. दाराच्या मुख्य काचेपुढची लहान, फिरणारी वायुखिडकी १९५१ मध्ये आली. दाबून उघडायची दारमूठ १९५२ मध्ये. आता समजा, १९४९ च्या ट्रकला वायुखिडकी असलेले एकच दार आहे. छंदिष्ट म्हणेल, ‘चुकीचे दार, काढून टाका.’ इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारावे : मूळ दार कशाने गेले? दुसरे कोणत्या ट्रकचे? ते बसवताना रंग जुळवला की तसेच ठेवले? ते ‘चुकीचे’ दार हा त्या ट्रकच्या आयुष्यातील एका घटनेचा एकमेव पुरावा असू शकतो.

६/
याहून बोलके उदाहरण कोरियन युद्धाचे. १९५० मध्ये ते सुरू झाल्यावर अमेरिकेत निकेल आणि क्रोमियम यांची टंचाई झाली. युद्धसामग्रीला प्राधान्य मिळाले. परिणामी त्या काळातील शेव्हर्ले ट्रकांवर एरवी क्रोमच्या मुलाम्याने चकाकणारे हबकॅपसारखे भाग नुसते रंगवून दिले जाऊ लागले. आज असा १९५२ चा ट्रक हाती आला, की पुष्कळ जण हौसेने त्यावर लखलखीत क्रोम चढवतात. दिसायला ट्रक सुंदर होतो. पण हजारो मैलांवरच्या युद्धाची जी खूण एका शेतकऱ्याच्या फाटकापर्यंत येऊन पोहोचली होती, ती आपण पॉलिश कागदाने घासून टाकलेली असते.

७/
हौद्याचेही तसेच. या ट्रकांच्या हौद्यात लाकडी फळ्या आणि त्यांच्या सांध्यांवर पोलादी पट्ट्या असत. कारखान्यातून त्या फळ्या रंगवलेल्या येत, कारण त्यांच्यावर गवताचे भारे, खताची पोती आणि दुधाचे कॅन आदळायचे होते. आजच्या प्रदर्शनांत तिथे दिवाणखान्यातील टेबलासारखे वॉर्निश केलेले ओक लाकूड दिसते. हा ट्रक ‘मूळ रूपात’ आणला आहे असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात तो कधीही नव्हता अशा रूपात आणलेला असतो. कष्टाच्या साधनाला दागिन्याचे रूप दिले, की ते साधन कशासाठी होते हेच कळेनासे होते.

८/
इथे मूळ प्रश्न उभा राहतो : वाहनाचे ‘खरे’ रूप कोणत्या दिवसाचे? कारखान्यात ट्रक जेमतेम काही तास असतो; शेतावर, बाजारात, गॅरेजात तीस-चाळीस वर्षे. पहिला दिवस खरा आणि पुढची सारी वर्षे म्हणजे बिघाड, ही समजूत कारखान्याच्या बाजूने लिहिलेल्या इतिहासाची आहे. वापरणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर वेल्डिंगचा ओबडधोबड ठिगळही दस्तऐवज ठरतो. सुटा भाग मिळत नव्हता, किंवा पैसे नव्हते, किंवा हंगाम तोंडावर होता, असे काहीतरी तो सांगत असतो. आणि पिकअपचा जन्मच मुळी वापरणाऱ्याच्या फेरफारातून झाला, हे आपण वर पाहिले.

९/
आपल्याकडे या पेचाचा उत्तम तोडगा एका ग्रंथप्रकल्पाने घालून दिला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक होते आणि १९६६ मध्ये मूळ पाठाचे काम पूर्ण झाले. प्राचीनतम पाठ वर छापला, पण नंतर शिरलेले श्लोक फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत नोंदवले, कोणत्या पोथीत काय आढळते हे सांगून. ज्याला उत्तरकालीन भर अभ्यासायची आहे, त्याला ती तिथे सापडते. ट्रक खोलणाऱ्यानेही हेच करावे. थर काढायचा असेल तर जरूर काढा. पण परिशिष्ट लिहिल्यावाचून काढू नका.

१०/
वास्तुजतनाच्या क्षेत्रात हा विचार १९६४ च्या व्हेनिस सनदेने रूढ केला : प्रत्येक काळाने घातलेली भर आदराने पाहावी, आणि जिथे केवळ तर्क उरतो तिथे पुनर्बांधणी थांबवावी. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये ट्यूरिन येथे याच धर्तीची सनद वाहनांसाठी स्वीकारली. किल्ल्याच्या तटबंदीत सिमेंट भरले की आपण समाजमाध्यमांवर संताप व्यक्त करतो, आणि तो योग्यच आहे. मग आजोबांच्या गाडीवर लांबीचे थर थापताना आपली विवेकबुद्धी कुठे जाते?

११/
आक्षेप रास्त आहे : वाहन म्हणजे पोथी नव्हे, ते रस्त्यावर धावते. कुजलेली ब्रेकची नळी ‘ऐतिहासिक’ म्हणून जपणे हा मूर्खपणा होईल. ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग, इंधनाची टाकी आणि चौकटीतील भेगा यांबाबत तडजोड नको. तिथे नवे आणि उत्तम तेच हवे, आणि चौकटीचे वेल्डिंग जाणत्या कारागिराकडूनच व्हावे. मात्र सुरक्षिततेच्या नावाखाली सगळेच बदलू नये. ३१०० च्या मागच्या आसाचे गिअर-प्रमाण ४.११ होते, म्हणजे चाकाच्या एका फेरीमागे शाफ्टच्या चारांहून अधिक फेऱ्या. ही रचना वेगासाठी नव्हती, ओझे ओढण्यासाठी होती. तिच्या जागी आधुनिक इंजिन आणि वेगवान गिअर बसवले, की ट्रक महामार्गावर धावेल. पण एके काळी शेतापासून बाजारापर्यंतचे अंतर किती सावकाश कापले जाई, याचा अनुभव कायमचा जाईल.

१२/
आता आपल्या अंगणात येऊ. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला वाहनजुळणीचा कारखाना सुरू केला. शेव्हर्ले वाहने तिथे जोडली जात. १९५४ मध्ये तो बंद झाला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला डॉज व फार्गो ट्रक जोडले. १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी सुरू झाली आणि तिच्या तीनचाकीने मराठीला एक शब्दच दिला. ‘टेम्पो’ हे मूळचे एका जर्मन कंपनीच्या वाहनांचे नाव. पण आज आपण कोणत्याही लहान मालवाहू गाडीला बिनदिक्कत टेम्पो म्हणतो. भाजी, बर्फ, विटा, गणपतीच्या मूर्ती, लग्नाचे वऱ्हाड आणि घर बदलणाऱ्यांचा संसार, सारे या गाड्यांतून गेले आहे. तरीही महाराष्ट्रातील जुन्या वाहनांचा विषय निघाला, की बोलणे संस्थानिकांच्या मोटारींवरच येऊन थांबते.

१३/
कायद्यातही हाच कल दिसतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, आणि चेसिस, सांगाडा वा इंजिनात मोठा फेरफार न झालेली वाहने त्यांत येतात. नंबरपाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे आणि दहा वर्षांची नोंदणी. पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु ही सोय खासगी, बिगरव्यापारी दुचाकी व चारचाकी वाहनांनाच आहे. जन्मभर मालवाहू म्हणून राबलेला टेम्पो वा ट्रक या व्याख्येबाहेर राहतो. महाराजांची मोटार वारसा ठरते. त्यांच्याच राजधानीत धान्याची पोती वाहणारा ट्रक भंगार ठरतो. माझी तक्रार या असमतोलाविषयी आहे. मर्यादित वापराच्या त्याच अटी घालून जुन्या मालवाहू वाहनांनाही या वर्गात स्थान मिळायला हवे. शिवाय ‘मूळ रूप’ म्हणजे काय, हे ठरवताना कामाच्या गरजेपोटी झालेल्या जुन्या दुरुस्त्यांना दोष न मानता पुरावा मानायला हवे.

१४/
नियम बदलेल तेव्हा बदलेल. तोवर ज्यांच्या घरी असे वाहन आहे, त्यांनी एवढे करावे.
• पहिला नट सोडवण्याआधी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्या आणि आरसी पुस्तक, पावत्या, जुनी परमिटे एकत्र करा.
• प्रत्येक सुट्या भागाला चिठ्ठी बांधा : कुठून काढला, कोणत्या तारखेला.
• रंग सरसकट खरवडण्याआधी न दिसणाऱ्या जागी नाण्याएवढा भाग हलक्या हाताने उतरता घासा. झाडाच्या खोडातील वलयांसारखे रंगांचे थर दिसतील. त्यांचा क्रम लिहून ठेवा.
• चेसिसवरील क्रमांक, ओतकामाच्या खुणा आणि गॅरेजवाल्याने खडूने वा रंगाने लिहिलेले काहीही पुसण्यापूर्वी नोंदवा.
• हौद्यावरची नावे, देवांची चित्रे, ‘हॉर्न ओके प्लीज’ची जुनी अक्षरे शक्य तर तशीच राखा.
• काढलेला एक तरी जुना भाग नव्याशेजारी जपून ठेवा.

१५/
आणि सर्वांत महत्त्वाचे : ज्यांनी हे वाहन चालवले, भरले, दुरुस्त केले, त्यांच्या मुलाखती आत्ताच घ्या. पत्रा शेडमध्ये आणखी दहा वर्षे तग धरेल. सत्तरीतला मिस्त्री धरेलच असे नाही. कोणत्या घाटात इंजिन तापे, कोणता पाटा दर पावसाळ्यात तुटे, क्लचप्लेट मिळेना तेव्हा कोणत्या गाडीची घासून बसवली, हे कोणत्याही दफ्तरखान्यात लिहिलेले नाही. ते त्याच्या हातांना ठाऊक आहे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. तारीख, गाव आणि परवानगी नोंदवा. तुमच्या घरच्या किंवा गावच्या जुन्या मालवाहू गाडीविषयी असे काही हाती लागले, तर या धाग्याखाली जरूर लिहा. आपण ते एकत्र संकलित करू.