संमेलनाचें व्यासपीठ आणि जिवंत वाद्य

यंदाच्या स्नेहसंमेलनांत आमच्या चिमुकल्या बंधुभगिनींनीं 'अमर अकबर अँथनी' या १९७७ सालच्या बोलपटांतील एका गाण्यावर नृत्य केलें. मोठ्या अंड्यांतून बाहेर येऊन आपलें नांव अँथनी गोन्साल्विस असें सांगणारा त्यांतील नायक वाचकांस ठाऊक असेलच. टाळ्यांचा कडकडाट झाला. परंतु या नांवाचा एक खरा मनुष्य होऊन गेला, तो संगीतकार प्यारेलाल यांचा व्हायोलिनगुरु होता, आणि त्याच्याच आदरार्थ तें नांव गाण्यांत आलें, हें सभागृहांतील कितीजणांस माहीत होतें? आम्हांसही तें नंतरच कळलें, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे.

गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ सालीं गोव्यांतील माजोर्डा गांवीं झाला. त्या काळीं गोव्याच्या खेडोपाडीं चर्चला जोडलेली शाळा असे. तेथील 'मेस्त', म्हणजे गुरुजी, मुलांकडून सारेगमाऐवजीं दो-रे-मी घोटून घेत, आणि स्वरलिपि वाचावयास शिकवून हातीं व्हायोलिन देत. सकाळीं प्रार्थनेला तें व्हायोलिन. सायंकाळीं लग्नघरीं मांडो सुरू झाला कीं मातीच्या भांड्यावर चामडें ताणून केलेल्या घुमटाच्या साथीस तेंच व्हायोलिन! देवघराचें संगीत आणि अंगणाचें संगीत अशी वाटणी त्या मुलांनीं केली नाहीं.

पोटासाठीं हीं मुलें मुंबईस आलीं आणि आपापल्या गांवाच्या 'कूड' नांवाच्या बिऱ्हाडांत दाटीवाटीनें राहिलीं. १९३५ सालीं ताजमहाल हॉटेलांत लिऑन ॲबी यांचा आफ्रिकी वंशाच्या अमेरिकन वादकांचा बँड आला. त्यांचें स्विंग संगीत मुंबईस नवें होतें. स्विंग म्हणजे झोका. एका ठोक्यांत दोन स्वर वाजवावयाचे असतां ते सारखे न तोडतां पहिला लांबवावयाचा आणि दुसरा आंखडावयाचा. मग ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलूं लागतो. कागदावर हा झोका नीटसा लिहितां येत नाहीं, तो समोर बसून कानानेंच घ्यावा लागतो. गोव्याच्या वादकांनीं तो घेतला. हळदोणें गांवचे अंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नांवानें असा ट्रम्पेट वाजवूं लागले कीं लोक त्यांची तुलना लुई आर्मस्ट्राँग यांच्याशीं करीत.

पुढें १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतील बँडांचें काम आटलें (कायद्याविषयीं आमची तक्रार नाहीं!) आणि पुष्कळ वादक चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. पुणतांब्याचे सी. रामचंद्र, हळदोण्याचे चिक चॉकलेट आणि गिरणीकामगाराचे पुत्र भगवान हे तिघे १९५१ च्या 'अलबेला'त एकत्र आले. हिंदुस्थानी चालीखालीं स्विंगचा झोका तेथें ऐकूं येतो. आमच्या आजोबांस तो 'परका' वाटला नाहीं. त्यांनीं त्यावर ताल धरला. मात्र जे रात्र रात्र बसून त्या गाण्यांच्या वाद्यांचे भाग लिहीत, त्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें पडद्यावर आलींच नाहींत.

गोन्साल्विस यांनीं १९५८ सालीं मोठा वाद्यवृंद जमवून आपला प्रयोग केला, तोही मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणांत. हिंदुस्थानी राग त्यांनीं पाश्चात्य वाद्यांसाठीं लिहिले होते. गावयास लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. त्या रात्रीं एका विद्यालयाचें अंगण हेंच संगीतगृह झालें, याचें आम्हांस विशेष मोल वाटतें.

आणि आमचें व्यासपीठ? त्यावर वर्षांतून एकदां दोन राक्षसी ध्वनिवर्धक येतात, कोणीतरी कळ दाबतो, आणि कोठेंतरी केव्हांतरी मुद्रित झालेलें गाणें कानठळ्या बसवितें. चारशें मुलांपुढें एकही मनुष्य वाद्य हातांत घेऊन बसत नाहीं. पालकांपैकीं कोणी म्हणतात, ढोलकी आली कीं तमाशा आला. कोणी म्हणतात, बँड म्हणजे परकी थेरें. आणि उभयतांचें एका गोष्टीवर एकमत, कीं परीक्षा जवळ आली आहे. परीक्षेचें भय आम्हांसही आहेच. पण ध्वनिमुद्रित गाण्यावरील नृत्याच्या तालमींत महिना जातो, तेव्हां हें भय कोठें असतें?

आमची मागणी मोठी नाहीं. ध्वनिवर्धकांच्या भाड्याच्या पैशांत एक ढोलकीवाला, एक घुमटवादक आणि लग्नाच्या बँडांतील एखादा ट्रम्पेटवादक यांस योग्य मानधन देऊन बोलवावें. तिघांस एकाच व्यासपीठावर बसवावें, आणि मुलांस इतकें जवळ बसूं द्यावें कीं वादकाच्या गालांची फुगणारी शीर दिसेल. बेसूर झालें तरी चालेल. आमच्यापैकीं एखाददुसरा तरी दुसऱ्या दिवशीं विचारील, हें शिकावयास किती वर्षें लागतात?

सभागृहाच्या कोपऱ्यांत कापडाखालीं एक पियानो आहे. त्याची किल्ली कोणाकडे आहे, याची चौकशी आम्हीं चालविली आहे.