आम्लाच्या टाकीतील इनहिबिटर आणि टक्केवारीचा भरवसा

स्केल (पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर) काढण्यासाठी पोलाद हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक आम्लात बुडवले की स्केलपाठोपाठ मूळ धातूही विरघळू लागतो आणि हायड्रोजन सुटतो. पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यात वाहनांसाठी बनणारे बोल्ट, स्प्रिंगा आणि पत्र्याचे भाग प्लेटिंग किंवा फॉस्फेटिंगपूर्वी अशाच टाक्यांतून जातात. स्केल जावे पण धातू राहावा, एवढ्यासाठी इनहिबिटर. १८९५ सालच्या बाल्डविन यांच्या ब्रिटिश पेटंटात त्यासाठी मळी आणि वनस्पती तेले वापरली होती. आज हेक्झामिन, थायोयुरिया, इमिडाझोलिन, प्रोपार्जिल अल्कोहोल अशी संयुगे वापरतात.

यांतल्या बहुतेकांच्या रेणूत नायट्रोजन किंवा गंधक असतो. त्यांच्या मोकळ्या इलेक्ट्रॉन-जोडीमुळे रेणू लोखंडाला चिकटतो आणि पृष्ठभाग झाकतो. अमाइनचे मात्र आम्लात धनभारित आयन होतात, आणि पोलादाचा पृष्ठभागही तिथे सहसा धनभारित असतो. हायड्रोक्लोरिकमध्ये क्लोराइड आधी चिकटून मधला दुवा होतो. सल्फेट तितके घट्ट धरत नाही. म्हणून एका आम्लात उत्तम ठरलेले अमाइन दुसऱ्यात कमी पडते. सल्फ्युरिकमध्ये थोडे आयोडाइड घातले तर तेच सुधारते.

पुरवठादाराच्या पत्रकावरची ‘९५ टक्के कार्यक्षमता’ त्यामुळे अपुरी माहिती आहे. ती कोणत्या आम्लात, किती तापमानाला, किती वेळात मोजली? पुण्यात डिसेंबरच्या पहाटे पारा दहा-बारा अंशांवर असतो, एप्रिलमध्ये चाळिशीला टेकतो. न तापवलेल्या टाकीतही या फरकाने धातूची झीज कित्येक पटींनी वाढते, आणि सैल चिकटलेले रेणू उष्णतेने सुटू लागतात. हिवाळ्यात ठरवलेली मात्रा उन्हाळ्यात तशीच चालू ठेवणे चूक आहे. शिवाय स्केल विरघळून आलेले फेरिक आयन हायड्रोजन न सोडताच लोखंड खातात, म्हणजे बुडबुडे कमी दिसले की धातू सुरक्षित, हा समजही खरा नाही. प्रत्यक्ष वापरातल्या आम्लात, त्याच तापमानाला वजन केलेली पट्टी इनहिबिटरसह आणि त्याविना बुडवून दोन्हींची वजनघट पाहणे ही चाचणी स्वस्त आहे आणि प्रत्येक टाकीवर व्हायला हवी.

थायोयुरियाबाबत विशेष जपायला हवे. अल्प प्रमाणात तो रक्षण करतो. जास्त झाला की त्यातून हायड्रोजन सल्फाइड निर्माण होऊन अणुरूप हायड्रोजन पोलादात शिरण्यास मदतच होते. १०.९ आणि त्यातही १२.९ या उच्च ताकद-वर्गांच्या बोल्टांत यातून उशिरा तडा जाण्याचा धोका असतो. वजनघट कमी दिसते, म्हणून ही हानी चाचणीतून निसटते. अशा भागांसाठी आम्लातला वेळ शक्य तितका कमी ठेवावा, शक्य तिथे स्केल शॉट ब्लास्टिंगने काढावे आणि प्लेटिंगनंतर काही तासांतच १९० ते २२० अंश सेल्सिअसला बेकिंग करावे.

कडुनिंबासारख्या वनस्पतींच्या अर्कांवर भरपूर संशोधन झाले आहे आणि विषारीपणा कमी असणे हा त्यांचा मोठा गुण आहे. पण पाने, ऋतू आणि साठवण बदलली की अर्क बदलतो. प्रमाणित घटकाशिवाय तो उत्पादनाच्या टाकीत नेऊ नये. संयुग कोणतेही असो, त्याचा थर धुण्यातून उरला तर पुढचे फॉस्फेट असमान बसते आणि जस्ताच्या लेपात उघडे डाग राहतात, त्यामुळे आम्लानंतरच्या धुण्याच्या पाण्याची तपासणीही याच कामात मोडते.