पळणं आणि वजनकाटा

"किती कमी झालं?" मी पळतो असं कुणालाही सांगितलं की पुढचा प्रश्न हाच. कुठे पळतोस, मजा येते का, हे कुणी विचारत नाही. किती किलो ते सांग! माझं उत्तर "काही नाही" असं असतं आणि मग समोरचा माझ्या पोटाकडे असं बघतो की जणू पैसे भरून माल आलाच नाही. आई तर सरळच म्हणते, "एवढं ऊर फुटेस्तोवर पळतोस, पोट आहे तिथंच आहे."

आहे तिथंच. मान्य. पण पोटासाठी मी पळतच नाही. वेताळ टेकडीवर सकाळी मोर ओरडत असतात, पावसाळ्यात खाणीत पाणी साठलेलं असतं, आणि वीसेक मिनिटांनी श्वासाची न् पायांची लय जमली की डोक्यातला शुक्रवारचा रिलीज आपोआप बंद पडतो. हे मला आवडतं, बस्स. उलट माझं ठाम मत आहे की बारीक व्हायला पळणाऱ्यांचं पळणं त्या बारीक होण्यापायीच सुटतं.

जरा हिशोब बघा. ढोबळमानाने तुमचं वजन जितके किलो, तितक्या कॅलरी एका किलोमीटरमागे जळतात. ६० किलोचा माणूस ५ किलोमीटर पळला की ३००. येताना एक वडापाव आणि कटिंग, झाला हिशोब चुकता! वजन मुख्यतः ताटात कमी होतं, रस्त्यावर नाही. पण ज्याला जाळायचंच असतं तो पहिल्या दिवसापासून जीव खाऊन पळतो. शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने सुरुवात करावी, हा पळणाऱ्यांचा जुना नियम. त्यात कष्ट केल्यासारखं वाटत नाही, म्हणून तो याला पटत नाही. तिसऱ्या आठवड्यात गुडघे तरी कुरकुरतात, नाहीतर कंटाळा येतो.

(अवांतर: ट्रेडमिलचा पूर्वज १८१८ च्या सुमारास विल्यम क्यूबिट या इंग्लिश इंजिनिअरने तुरुंगातल्या कैद्यांना कामाला जुंपण्यासाठी बनवला. जिममध्ये आरशासमोर पळणाऱ्यांना हे सांगू नये.)

आमच्या टीममधल्या एका मैत्रिणीचं मात्र फार वाईट वाटलं. ती पहाटे पाचला पळायची, अंधारात. थंड हवेसाठी नव्हे, कुणी बघू नये म्हणून. सुरुवातीला विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत गेली की थांबायची. दोन महिन्यांत न थांबता ४ किलोमीटर! पण घरी लग्नाचं बघणं चालू, दर रविवारी वजनकाटा. काटा काही हलला नाही आणि तिने बूट धाकट्या बहिणीला देऊन टाकले. ते ४ किलोमीटर कुणी मोजलेच नाहीत, तिनेही नाही.

कोडच्या ओळी मोजून कामाची किंमत करणाऱ्या मॅनेजरला आपण हसतो ना? ओळी वाढतात, सॉफ्टवेअर सुधारत नाही. मग हे वेगळं काय आहे? नियमित पळणाऱ्याचे बसल्याजागी नाडीचे ठोके कमी होतात, जिना चढताना दम लागत नाही, झोप बरी लागते. यातलं आरशात काहीच दिसत नाही. ज्यांना डॉक्टरांनी शुगर-बीपीसाठी सांगितलंय त्यांनी वजन जरूर बघावं. मीही काही साधू नाही, फोटो काढताना पोट आत घेतोच.

मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली तेव्हापासून तिच्यात ड्रीम रन आहे. सहाएक किलोमीटर, वेळ मोजत नाहीत. लोक नऊवारी नेसून येतात, सोंगं घेतात, मध्येच नाचतात, बरेच जण तर चक्क चालतात. सिरियस रनर मंडळी नाकं मुरडतात. मुरडू देत. मी त्या मैत्रिणीला यंदा तिचाच फॉर्म भरायला लावलाय. बूट बहिणीकडून परत मागावे लागतील म्हणाली.