धर्म करा, माय!

'धर्म' या शब्दावर ग्रंथ लिहिणारे पुष्कळ झाले; पण रस्त्यावर तो शब्द रोज ज्यांच्या तोंडी असतो, त्यांना त्या ग्रंथांशी काही कर्तव्य नसते. 'धर्म करा, माय!' अशी हाक भिकारी देतो, तेव्हा तो तुम्हांला देवळात जायला सांगत नसतो. चार पैसे मागत असतो. वर्गात मी हा अर्थ सांगितला की अलीकडची मुले चकित होतात. त्यांच्या लेखी धर्म म्हणजे शाळेच्या दाखल्यावरचा एक रकाना!

'दानधर्म' हा जोडशब्दही आपण इतक्या सहज वापरतो, की त्यातले दोघे भाऊ सारख्या मानाचे नाहीत हे ध्यानातच येत नाही. दान द्यायचे ते पात्र पाहून, तिथी पाहून, पाणी सोडून. (ते पाणी आपण अजूनही सोडतो, हल्ली फक्त बुडालेल्या ठेवींवर सोडतो.) धर्माला पात्र लागते ते भिकाऱ्याच्या हातात असते तेवढेच. भटजींना 'तुम्हांला धर्म केला' असे म्हणून पाहा, ते शिधा तिथेच ठेवून उठतील. आणि दारच्या भिकाऱ्याला 'दान स्वीकारावे' म्हणालात, तर त्याला वाटेल आपली थट्टाच चालली आहे. पेशव्यांच्या काळी श्रावणात वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या पैशातून पुढे १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. धर्माच्या पैशातून निघाली ती धर्मशाळा.

आता धर्मशाळा ही काही हलकी गोष्ट नव्हे. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या आणि हजारो गोरगरिबांच्या पाठीला जमीन मिळाली. पण भाषा मोठी कृतघ्न असते. चिरंजीव रात्री बाराला घरी आले की वडील विचारतात, "घर म्हणजे काय धर्मशाळा वाटली तुला?" आणि ती म्हण तर सर्वांच्या तोंडी आहेच: धर्माची गाय, दात का नाही? म्हणजे फुकट घेणाऱ्याने तक्रार करू नये. देणाऱ्याच्या सोयीची इतकी म्हण दुसरी नसेल!

याच शब्दाला सरकारी टोपी घातली की 'धर्मादाय' होतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याने आपल्याला धर्मादाय आयुक्त दिले. त्यांच्या दफ्तरी देवळाच्या शेजारी शाळा आणि शाळेच्या शेजारी रुग्णालय सुखाने नांदते. हा शब्द केवळ फायलीतच राहिला असता, तर मी एवढी शाई खर्च केली नसती.

आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या मावशींच्या यजमानांचे पोटाचे ऑपरेशन करावे लागेल असे गेल्या पावसाळ्यात ठरले. खर्चाचा आकडा ऐकून त्या खालीच बसल्या. मी त्यांना एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाचे नाव सुचवले. त्या माझ्याशी काही बोलल्या नाहीत, स्वयंपाकघरात जाऊन आमच्या सौभाग्यवतींना म्हणाल्या, "वहिनी, धर्माचं नगं. आमी काय भीक मागतो का?"

शब्द नेमका लागायचा तिथे लागला होता. त्यांना समजावताना माझी मराठीची एम. ए. पदवी काही कामाला आली नाही. मी म्हणालो, मावशी, हा धर्म कोणी तुम्हांला करीत नाही. अशा संस्थांना कर आणि इतर बाबतींत सवलती मिळतात. त्यांच्या बदल्यात त्यांनी गरिबांसाठी खाटा राखायच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे शंभरातल्या दहा खाटा निर्धनांना मोफत आणि आणखी दहा दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा पिवळे रेशनकार्ड दाखवायचे. तिथे कोणाच्या पाया पडायचे नाही.

"मग पाटीवर तसं लिवत का न्हाईत?" मावशींनी विचारले. भाषेच्या प्राध्यापकाला याहून अवघड प्रश्न मुलांनी कधी विचारलेला नाही. 'हक्काच्या खाटा' असे दोन सरळ शब्द मराठीत असताना आपण धर्मादायच्या मागे का लपतो, हे मलाही सांगता आले नाही. सुशिक्षित मंडळींना मात्र या शब्दाची भीती वाटत नाही, हे जाता जाता नोंदवायला हवे. कर वाचवणारी पावती घेताना त्यांना तो फार गोड लागतो.

मावशी गेल्या. खिडकीवरच्या कारकुनाने सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात "धर्मादायवाले कोण?" असे विचारलेच, पण त्यांनी रेशनकार्ड पुढे केले आणि हलल्या नाहीत. ऑपरेशन झाले, यजमान आता कामावर जातात. वस्तीत कोणी विचारले तर मावशी 'धर्म' हा शब्द तोंडातून काढत नाहीत. त्या सांगतात, "कोट्यातनं झालं."