स्वतःच्या गाण्यांची मालकीण

टेलर ॲलिसन स्विफ्ट हिचा जन्म १३ डिसेंबर १९८९ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, वेस्ट रीडिंग या गावी झाला. वडील शेअर दलाल होते, आईही वित्तक्षेत्रात नोकरी केलेली. घराची स्वतःची बाग होती आणि तिथे नाताळसाठी लागणारी सूचिपर्णी झाडे वाढवली जात. आजी मार्जरी फिनले ऑपेरा गात असे आणि नातीच्या कानावर गाणे पडले ते तिच्यामुळे. मुलीचे नावही जेम्स टेलर या गायकावरून ठेवलेले. नऊ-दहा वर्षांची असताना ती बालनाट्यात गाऊ लागली आणि लवकरच तिचे मन कंट्री संगीताकडे वळले. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या ग्रामीण भागातले, साध्या चालीत गोष्ट सांगणारे हे गाणे. गोष्ट सांगण्याच्या या ओढीतूनच तिची पुढची सारी वाटचाल झाली.

अकराव्या वर्षी आईबरोबर ती नॅशव्हिलला गेली. टेनेसी राज्यातले हे शहर म्हणजे कंट्री संगीताची पेठ. इतरांची गाणी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून तिने कंपन्यांच्या दारोदार वाटली. कोणी दाद दिली नाही. या नकाराचा अर्थ तिने फार लवकर ओळखला: गोड गळ्याच्या मुली नॅशव्हिलमध्ये शेकड्यांनी येतात, तेव्हा दुसऱ्यांची गाणी गाऊन वेगळे ठरता येणार नाही. बाराव्या वर्षी ती गिटार शिकली आणि स्वतः गाणी लिहू लागली. ती चौदा वर्षांची असताना सारे कुटुंब नॅशव्हिलजवळच्या हेंडरसनव्हिल गावी राहायला गेले.

मुलीच्या गाण्यासाठी दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलवणे प्रत्येक आईवडिलांना परवडत नाही. तिच्या यशाच्या कथेत हा भाग अनेकदा गाळला जातो, पण तो सांगितला पाहिजे. घरी पैसा होता, पाठबळ होते. पुढे ज्या छोट्या कंपनीने तिला पहिली संधी दिली, तिच्यात वडिलांनी सुमारे तीन टक्के भागभांडवलही घेतले. मात्र गाणी लिहिण्याचे काम पैशाने होत नाही, ते तिने केले. सोनी-एटीव्ही या संगीत प्रकाशन संस्थेने चौदाव्या वर्षी तिला गीतकार म्हणून करारबद्ध केले आणि तिथे ती सर्वांत लहान ठरली. शाळा सुटली की ती लिझ रोझ या अनुभवी गीतकार बाईंबरोबर गाणी लिहायला बसे. त्याच सुमारास आरसीए या बड्या कंपनीशी झालेला प्राथमिक करार तिने सोडून दिला, कारण कंपनीला थांबायचे होते आणि तिला स्वतःची गाणी तेव्हाच लोकांपुढे आणायची होती. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने घेतलेला हा निर्णय तिच्या कारकिर्दीतला पहिला मोठा निर्णय मानायला हवा.

२००५ मध्ये नॅशव्हिलच्या ब्लूबर्ड कॅफेत स्कॉट बोर्चेटा यांनी तिला ऐकले. ते तेव्हा स्वतःची बिग मशीन ही ध्वनिमुद्रण कंपनी काढण्याच्या खटपटीत होते. २००६ मध्ये पहिला अल्बम आला. त्यातले प्रत्येक गाणे तिने एकटीने किंवा कोणाच्या साथीने लिहिलेले होते. २००८ च्या ‘फिअरलेस’ने तिला देशभर पोहोचवले आणि २०१० मध्ये, विसाव्या वर्षी, वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळवून दिले. एवढ्या लहान मुलीची गाणी खरे तर तिचे सहलेखकच लिहीत असणार, अशी कुजबुज होतीच. त्या कुजबुजीला उत्तर म्हणून ‘स्पीक नाऊ’ (२०१०) हा पुढचा संपूर्ण अल्बम तिने एकटीने लिहिला.

‘रेड’मध्ये (२०१२) कंट्री आणि पॉप शेजारी शेजारी नांदतात. ‘१९८९’मध्ये (२०१४) तिने कंट्री सोडलेच. स्वीडिश निर्माता मॅक्स मार्टिन आणि त्याचे सहकारी यांच्यासोबत केलेला हा अल्बम तिचा सर्वांत घोटीव अल्बम आहे. पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत त्याच्या १२ लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्याच काळात कलावंताच्या मोबदल्याविषयी ती जाहीरपणे बोलू लागली. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिने स्पॉटिफाय या ऑनलाइन संगीतसेवेवरून आपले सारे अल्बम काढून घेतले आणि २०१७ पर्यंत परत दिले नाहीत. जून २०१५ मध्ये ॲपलने ग्राहकांना तीन महिने फुकट संगीत देताना त्या काळासाठी कलावंतांना काहीच न देण्याचे ठरवले होते. तिने जाहीर पत्र लिहिले आणि एका दिवसात ॲपलने धोरण बदलले. २०१८ मध्ये युनिव्हर्सल या संगीत कंपनीशी नवा करार करताना तिने दोन गोष्टी मागून घेतल्या. एक, यापुढच्या प्रत्येक अल्बमच्या मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी तिची असेल. दुसरी, युनिव्हर्सलने स्पॉटिफायमधले आपले शेअर विकले तर त्या पैशातला वाटा कंपनीच्या सर्व कलावंतांना मिळेल. या दुसऱ्या अटीचा उल्लेख कमी होतो, पण तिच्या स्वभावाविषयी ती बरेच सांगून जाते.

पहिले सहा अल्बम मात्र बिग मशीनच्याच मालकीचे राहिले होते. इथे हा व्यवहार कसा चालतो ते समजून घेणे आवश्यक आहे. प्रत्येक ध्वनिमुद्रित गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. पहिला रचनेचा, म्हणजे शब्दांचा आणि चालीचा, तो गीतकार-संगीतकाराचा. दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. या मूळ मुद्रणाला धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात आणि नव्या कलावंताशी करार करताना कंपन्या ते बहुधा स्वतःकडे ठेवतात. कंपनीने ते विकले तर गाणाऱ्याला विचारण्याचे कारण नसते. जून २०१९ मध्ये कलावंतांचे व्यवस्थापक स्कूटर ब्राउन यांच्या कंपनीने सुमारे ३० कोटी डॉलरना बिग मशीन विकत घेतली आणि टेलरचे सहा अल्बम त्यांच्याकडे गेले. ब्राउन यांच्याशी तिचे संबंध आधीपासून कडवट होते. आपली बारा-तेरा वर्षांची मेहनत ज्याच्या हाती पडू नये असे वाटत होते, नेमकी त्याच्याच हाती गेली, असे तिने जाहीरपणे लिहिले. पुढे २०२० मध्ये हेच मास्टर शॅमरॉक कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला विकले गेले.

हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही. गायकाला प्रत्येक गाण्यामागे रॉयल्टी मिळाली पाहिजे, अशी मागणी लता मंगेशकर यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हिंदी चित्रसृष्टीत केली होती. एकदा मानधन घेतले की गायकाचा संबंध संपला, असे महंमद रफी यांचे मत होते. या मतभेदापायी दोघांनी काही वर्षे एकत्र गायचे थांबवले. आपल्याकडे गीतकार, संगीतकार आणि गायकांच्या रॉयल्टीला कायद्याचा भक्कम आधार मिळाला तो २०१२ मध्ये, कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने. लताबाईंची मागणी अर्धशतक आधीची होती आणि ती रास्तच होती. तरीही मूळ ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक भारतात आजही निर्माता किंवा कंपनीच असते.

टेलरने निवडलेला उपाय कायद्याच्या चौकटीतला होता. मास्टर दुसऱ्याचे असले तरी गाणी तिनेच लिहिलेली होती, म्हणजे रचनेचा हक्क तिच्याकडे होता. करारातली पुनर्मुद्रणबंदीची मुदत संपली की तीच गाणी पुन्हा गाऊन नवे मास्टर तयार करायला तिला कोणी अडवू शकत नव्हते. शिवाय चित्रपट, मालिका किंवा जाहिरातीत गाणे वापरायचे तर रचनेच्या मालकाचीही परवानगी लागते. जुन्या मुद्रणांना ती नाकारून नव्यांना देणे तिच्या हाती होते. दुसऱ्यांनी लिहिलेली गाणी गाणाऱ्या गायिकेला ही वाट एवढी मोकळी मिळाली नसती. बाराव्या वर्षी उचललेल्या लेखणीचे मोल इथे कळते.

२०२१ ते २०२३ या काळात ‘फिअरलेस’, ‘रेड’, ‘स्पीक नाऊ’ आणि ‘१९८९’ हे चार अल्बम तिने नव्याने ध्वनिमुद्रित केले. प्रत्येकाच्या नावापुढे ही टेलरची आवृत्ती असल्याचे स्पष्ट लिहिले आणि पूर्वी बाजूला ठेवलेली काही गाणीही त्यांत घातली. ‘ऑल टू वेल’ या जुन्या गाण्याची दहा मिनिटांची आवृत्ती बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. एवढे लांब गाणे त्या स्थानी तोवर गेले नव्हते. श्रोत्यांनी जुने मुद्रण सोडून नवे ऐकायला घेतले, हे या साऱ्या प्रकरणातले सर्वांत विलक्षण. कराराच्या कलमांवरून चाललेला वाद लाखो तरुण मुलींना समजला आणि त्यांनी बाजू घेतली.

दरम्यान करोनाची साथ आली. २०२० चे ठरलेले कार्यक्रम रद्द झाले आणि घरात बसून तिने ‘फोकलोर’ आणि ‘एव्हरमोर’ हे दोन अल्बम लिहिले. चमकदार पॉप बाजूला ठेवून केलेल्या या शांत, कथारूप रचना तिचे सर्वोत्तम काम आहे. पूर्वीच्या गाण्यांत बहुतेक वेळा तीच नायिका असे. इथे ती दुसऱ्यांच्या आयुष्यात शिरली. ‘फोकलोर’ला ग्रॅमी मिळाले आणि पुढे ‘मिडनाइट्स’नेही ते मिळवल्यावर सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी चार वेळा मिळवणारी ती पहिली कलावंत ठरली.

२०१८ नंतर चार नवे अल्बम आले होते आणि त्यांपैकी एकाचाही दौरा झाला नव्हता. त्यातून ‘एराज’ दौऱ्याची कल्पना निघाली. एका अल्बमचा प्रचार न करता साऱ्या कारकिर्दीचे कालखंड एका संध्याकाळी उभे करायचे. १७ मार्च २०२३ रोजी ॲरिझोनातल्या ग्लेनडेल इथे सुरुवात झाली आणि ८ डिसेंबर २०२४ रोजी कॅनडातल्या व्हँकुव्हर इथे शेवट. एकूण १४९ कार्यक्रम, पाच खंड. प्रत्येक कार्यक्रम तीन तासांहून मोठा, सुमारे पंचेचाळीस गाण्यांचा. प्रत्येक कालखंडाला वेगळा पोशाख, वेगळे नेपथ्य. शेवटाकडे दोन गाणी ती गिटार आणि पियानोवर एकटीने गाई आणि ती कोणती हे आधी कोणालाच ठाऊक नसे. तयारीसाठी ती रोज ट्रेडमिलवर धावताना सगळी गाणी म्हणत असे. एवढ्या मोठ्या कार्यक्रमात दमसास टिकतो तो अशा तालमीमुळे.

दौऱ्याच्या तिकिटांची विक्री सुमारे २०८ कोटी डॉलरची झाली आणि एक कोटीहून अधिक लोकांनी तो पाहिला. त्याआधी कोणत्याही दौऱ्याने १०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला नव्हता. ट्रकचालकांपासून नर्तकांपर्यंत साऱ्या सहकाऱ्यांना तिने मिळून १९ कोटी ७० लाख डॉलर बक्षिसी वाटली. जुन्या अल्बमांच्या नव्या आवृत्त्या आणि हा दौरा एकमेकांना बळ देत होते. लोक मंचावर ऐकलेले गाणे घरी जाऊन तिच्या मालकीच्या मुद्रणात ऐकत. दौऱ्याचा चित्रपटही तिने हॉलिवूडच्या स्टुडिओंना वगळून थेट एएमसी या चित्रपटगृहांच्या साखळीमार्फत ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रदर्शित केला. नोव्हेंबरात तो भारतातही लागला. दौरा मात्र भारतात आला नाही. आपल्याकडच्या चाहत्यांना सर्वांत जवळचे ठिकाण सिंगापूर होते. तिथे मार्च २०२४ मध्ये सहा कार्यक्रम झाले आणि ते मिळवण्यासाठी सिंगापूरने आर्थिक प्रोत्साहन दिल्याचे तिथल्या पंतप्रधानांनीच मान्य केले.

या झगमगाटाला काळी बाजूही आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिकीटमास्टरच्या संकेतस्थळावर विक्री सुरू होताच यंत्रणा कोलमडली, सर्वांसाठीची विक्री रद्द झाली आणि काळ्याबाजारात तिकिटांचे भाव आभाळाला भिडले. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे याची सुनावणी झाली. मे २०२४ मध्ये तिथल्या न्यायखात्याने तिकीटमास्टर आणि तिची मालक कंपनी लाइव्ह नेशन यांच्यावर मक्तेदारीचा खटला भरला. सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकिटे निघाली, तेव्हा तोच प्रकार आपल्याकडेही झाला. टेलरच्या दौऱ्यातच रिओ दि जानेरोत भीषण उकाड्यात एका तरुण चाहतीचा मृत्यू झाला. व्हिएन्नातले तीन कार्यक्रम दहशतवादी कट उघडकीस आल्याने रद्द करावे लागले. लाखालाखाच्या गर्दीत पाणी, सावली आणि सुरक्षा ही आयोजकांची पहिली जबाबदारी आहे आणि रिओत ती पुरेशी पाळली गेली नव्हती.

३० मे २०२५ रोजी टेलरने शॅमरॉककडून आपल्या पहिल्या सहा अल्बमांची मूळ ध्वनिमुद्रणे विकत घेतल्याचे जाहीर केले. दौऱ्याला मिळालेल्या यशामुळेच हे शक्य झाले, असे तिने चाहत्यांना लिहिले. त्यांतल्या सहाव्या, ‘रेप्युटेशन’ या अल्बमचे पुनर्मुद्रण पाव भागही झाले नव्हते. आता त्याची गरज राहिली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ‘द लाइफ ऑफ अ शोगर्ल’ या बाराव्या अल्बमबद्दल समीक्षकांत दोन तट पडले. अमेरिकेत मात्र पहिल्या आठवड्यात त्याने विक्री आणि स्ट्रीमिंग मिळून ४० लाख प्रतींइतका टप्पा गाठून २०१५ पासून गायिका ॲडेलच्या नावावर असलेला विक्रम मोडला. आज पहिल्यापासून बाराव्यापर्यंत तिच्या प्रत्येक अल्बमचे मास्टर तिच्या स्वतःच्या मालकीचे आहे.