सर, मॅडम, आमच्या लेकरांकडे बघा

परभणी आणि गंगाखेडच्या महाविद्यालयांत शिकवणाऱ्या प्राध्यापकांनो, आमच्या पोखर्णी गावची लेकरं एसटीने, रेल्वेने तुमच्याकडे येतात. काही तिथंच खोली करून राहतात. घरी आलं की पोर ‘बरं चाललंय’ म्हणतं आणि आई-बापाला ते खरं वाटतं. दिवसभर ते कसं होतं, हे तुम्ही पाहिलेलं असतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत. सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रात. त्या घरांतून आजही एकच प्रश्न निघतो: कुणालाच कसं कळलं नाही?

म्हणून बघा. पुढे बसणारी मुलगी एकाएकी शेवटच्या बाकावर गेली, बघा. ‘आता काय उपयोग’ असं कुणी सारखं म्हणतंय, जपलेल्या वस्तू वाटून टाकतंय, तिथं थांबा. हजेरीत ‘गैरहजर’ लिहून पुढे जाऊ नका. दोन-तीन दिवस बाक रिकामा दिसला की फोन करा.

आमची शेती पावसावरची. सोयाबीन गेलं की फी थकते, खोलीभाडं थकतं, शिष्यवृत्ती अडकलेली असते. त्यात एखादा विषय राहिला की बापाचे पैसे पाण्यात घातले, हे पोराच्या मनाला खात राहतं. अशा पोराला वर्गासमोर फी विचारू नका. एकट्याला बोलवा. चहा पाजा. उपदेश नको, ‘आमच्या वेळी’ही नको. आधी ऐकून घ्या.

भीती वाटली तर सरळ विचारा: जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणालं तर त्याला क्षणभर एकटं सोडू नका. घरी कळवा, जिल्हा रुग्णालयात सोबत जा. टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस, मोफत चालतो. तो फळ्याच्या कोपऱ्यात आजच लिहा, पुसू देऊ नका.

तुम्ही मानसोपचारतज्ज्ञ नाही, हे आम्हाला कळतं. सर्वोच्च न्यायालयानेही सगळं तुमच्यावर टाकलेलं नाही. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथं प्रशिक्षित समुपदेशक हवा आणि शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं, असे निर्देश २५ जुलै २०२५ रोजी दिले आहेत. प्राचार्यांकडे जा. आपल्याकडे समुपदेशक कुठे बसतात, विचारा. नसतील तर मागा, पुन्हा मागा. पालक म्हणून आम्हीही तुमच्यासोबत येऊ.

आणि निकालाचा दिवस फार वाईट असतो. त्या दिवशी नापासांची यादी हातात घ्या, एकेकाला फोन लावा. पोर उचलत नसेल तर आमच्या घरी लावा. रात्रीचे बारा वाजले असले तरी लावा. आम्ही उचलू.